घाटातला ठोका

माणूस आजारी पडला तर डॉक्टर येईपर्यंत तरी लोक धीर धरतात. मोटारीच्या दुखण्याला तेवढाही धीर नाही. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, की येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबतो, बॉनेटखाली डोके घालतो आणि निदान सांगून पुढे जातो. यातला एकही वैद्य फी मागत नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

१९७८ सालची दिवाळी. मी तेव्हा मुंबईत एका महाविद्यालयात इतिहास शिकवीत होतो आणि आदल्याच वर्षी कर्ज काढून एक जुनी फियाट घेतली होती. वसुबारसेला आम्ही पुण्याला, माझ्या सासुरवाडीला निघालो. मागे आई, सौ. आणि दोन मुले. मुलांच्या पायांशी फराळाचे डबे. पुढे माझ्या शेजारी धाकटे मेहुणे, जे बहिणीला न्यायला म्हणून मुद्दाम आले होते आणि ज्यांना मोटारीतले सर्व काही कळत असे. खोपोलीपर्यंत गाडी शहाण्या मुलासारखी आली. घाट लागला आणि तिचा दम गेला.

दम गेला म्हणजे ती बंद पडली नाही. बंद पडली असती तर परवडले असते. जितका अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, तितके कोणी तिला मागून धरून ठेवल्यासारखे होई आणि आतून आवाज येई: टक्-टक्-टक्, परातीत सुके वाटाणे ओतावेत तसा. पाय उचलला की आवाज थांबे. पण मग गाडीही थांबू लागे.

हे दुखणे अगदीच नवे नव्हते. गेला महिनाभर पेडर रोडच्या चढावर ते मधूनमधून डोके वर काढी. घराजवळच्या गॅरेजवाल्याने चारी प्लग बदलले होते, पॉइंट घासून दिले होते, कार्बोरेटर खोलून त्याची जेट्स फुंकली होती आणि बिल दिले होते. माझे स्वतःचे निदान निराळे होते. महिन्यापूर्वीच मी गाडीला नवी बॅटरी बसवली होती आणि त्यानंतर हा त्रास सुरू झाला होता. इतिहासाच्या मास्तराला आणखी काय पुरावा हवा! शिंगरोबाच्या देवळाखालच्या वळणावर आम्ही टेकलो, तेव्हा मी तो सिद्धान्त पुन्हा एकदा मांडला. मेहुणे म्हणाले, "दाजी, बॅटरीचा काय संबंध? तुमची क्लच-प्लेट गेली." तेवढ्यात एका ट्रकचा क्लीनर खाली उतरला. त्याने विचारले नाही, सवरले नाही. एक ओले फडके पेट्रोल-पंपाभोवती गुंडाळले आणि "पेट्रोल उकळतंय, पाच मिनिटं थांबा," असे सांगून तो निघून गेला. आईने पर्समधून चार आण्यांचे नाणे काढून देवळाच्या दिशेने हात जोडले. घाटाची वाट साहेबाला ज्या धनगराने दाखवली आणि ज्याला त्याबद्दल गोळी मिळाली अशी कथा आहे, त्या शिंगरोबाला नाणे टाकल्याशिवाय घाट चढू नये, हे तिचे निदान होते. आणि आम्ही येताना ते टाकले नव्हते हे खरेच होते.

फडके वाळले, नाणे टाकून झाले, गाडी काही चढेना. शेवटी तोंड फिरवून उताराने खोपोलीला परत आलो आणि नाक्यावरच्या एका पत्र्याच्या शेडपुढे उभे राहिलो.

तिथले मिस्त्री साठीच्या घरातले होते. त्यांनी बॉनेट उघडले नाही. मला म्हणाले, "मास्तर, बसा आत. मी पण बसतो. मागच्यांना उतरू नका म्हणावं, वजन पाहिजे." आम्ही पुन्हा घाटाच्या पहिल्या चढापर्यंत गेलो. मिस्त्री डोळे मिटून बसले होते. मध्येच म्हणाले, "टॉप गिअरलाच ठेवा. आता पूर्ण पाय द्या." टक्-टक्-टक्. "उचला." आवाज गेला. "तिसरा टाका, हळू द्या." आवाज जवळजवळ नाही. "बास. वळवा."

मेहुण्यांनी क्लचचा विषय काढला, तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले, "क्लच गेला तर इंजिन बोंबलतं आणि गाडी जागेवर राहते. इथं इंजिनच बसतंय." पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी मिसिंग मारते, आचके देते, कार्बोरेटरमधून खोकते, ही खोकत नाही. प्लग मेला असेल तर सपाटीलाही तीन पायांवर चालेल. ही सपाटीला ठणठणीत आहे. इतके सांगून त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो गेल्या महिन्याभरात मला कोणी विचारला नव्हता.

"पेट्रोल कुठं भरता?"

आणि मला आठवले. नवी बॅटरी घेतली त्याच आठवड्यात मी नेहमीचा पेट्रोल-पंप सोडून कॉलेजच्या वाटेवरचा दुसरा धरला होता. कोणता, ते इथे सांगत नाही. तो बंद होऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. मिस्त्रींनी एक रबरी नळी टाकीत सोडली, दुसरे टोक तोंडात धरून ओढले, आलेली चूळ बाजूला थुंकली आणि धार एका डब्यात घेतली. वहीचा एक पांढरा कागद फाडून त्यावर चार थेंब टाकले. चांगले पेट्रोल डाग न ठेवता उडून जाते. आमच्या कागदावर मात्र भज्यांच्या पुडीसारखे तेलकट कडे राहिले. "रॉकेल आहे," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी बॉनेट उघडले, डिस्ट्रिब्युटरचा नट सैल केला, आणि ते भांडे केसभर, अक्षरशः केसभर, फिरवून पुन्हा आवळले. ठिणगी जरा उशिरा पडेल अशी केली, असे त्यांनी सांगितले. "थोडा दम कमी होईल, पण ठोकणार नाही. गिअर लवकर उतरवा. पुण्यात गेल्यावर टाकी रिकामी करा." काढलेल्या डबाभर पेट्रोलमध्ये त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, फडक्याला पुसले आणि पाच रुपये घेतले. सौ.ने दिलेला चिवडा मात्र त्यांनी नको-नको म्हणत घेतला. दिवेलागणीला आम्ही लोणावळ्यात चहा पीत होतो.

ही हकीकत मी कित्येक वर्षे एक गंमत म्हणून सांगत असे. पुढे निवृत्तीनंतर यंत्रांच्या इतिहासाचे वाचन करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की आम्ही त्या दिवशी खोपोलीच्या नाक्यावर जे नाटक केले, त्याचा पहिला प्रयोग साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या डेटन या गावी झाला होता. बॅटरीवर आळ, रॉकेलची करामत, सगळे तेच.

त्या नाटकाचा नायक चार्ल्स केटरिंग. १९०९ साली त्याने एका भागीदाराबरोबर डेटनमध्ये 'डेल्को' ही कंपनी काढली. त्या काळी बहुतेक मोटारींत ठिणगीसाठी मॅग्नेटो वापरीत. केटरिंगने बॅटरी आणि कॉइल यांवर चालणारी ठिणगीची व्यवस्था तयार केली, ती कॅडिलॅक कंपनीने १९१० च्या गाड्यांवर घेतली; आणि १९१२ च्या कॅडिलॅकवर त्याचा विजेचा स्टार्टर आला. त्याआधी मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवायचे, आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडून घ्यायचे. स्टार्टरने ते हँडल कायमचे डिकीत टाकले.

पण याच सुमारास अमेरिकेतल्या मोटारी चढावर ठोकू लागल्या. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आत ठणठण, आणि दम खलास. लोकांनी काय केले? जे मी केले, तेच. मोटारीत नवे काय आले? केटरिंगची बॅटरी. मॅग्नेटोवाल्या प्रतिस्पर्ध्यांना तर हे आयतेच सापडले. आळ असा पक्का बसला, की तो धुऊन काढणे केटरिंगला भाग पडले.

त्याच काळात नवे आणखी एक काही आले होते, पण ते डोळ्यांना दिसणारे नव्हते. मोटारी भराभर वाढत होत्या, तेवढे हलके पेट्रोल खनिज तेलातून निघेना. म्हणून तेलशुद्धीचे कारखाने त्यात रॉकेलाकडे झुकणारा जड भागही सोडू लागले होते. पंपावरच्या नळीतून येणारा द्रव कालच्यासारखाच दिसे, तसाच वास येई, म्हणून त्याच्याविषयी कोणाला शंका आली नाही.

केटरिंगला पहिला धागा मिळाला तो मोटारीत नव्हे, शेतावर. डेल्को कंपनीने शेतकऱ्यांसाठी घरगुती वीज तयार करणारे एक छोटे यंत्र काढले होते. शेतकऱ्याच्या घरी दिव्यासाठी रॉकेल असतेच, म्हणून ते रॉकेलवर चालावे अशी योजना होती. रॉकेलवर ते भयंकर ठोके. १९१६ साली केटरिंगने हे काम थॉमस मिजली नावाच्या सत्तावीस वर्षांच्या इंजिनियराला दिले. मिजली शिकला होता यंत्रशास्त्र. रसायनशास्त्र त्याने पुढे गरजेपोटी स्वतःच गिरवले.

ठोका म्हणजे काय, हे तोवर कोणालाच धड ठाऊक नव्हते. बहुतेकांचे मत असे, की सिलिंडरातले मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेते. मिजलीने सिलिंडरातल्या दाबाबरोबर हलणारा एक छोटा आरसा बसवला, त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश फिरत्या पिंपावर गुंडाळलेल्या फोटोच्या फिल्मवर पाडला, आणि ठोक्याचा चक्क फोटो काढला. त्यात दिसले ते असे: ठिणगी पडते, मिश्रण नीट पेटते, दाब सुरळीत चढू लागतो, आणि जळण्याचे काम संपत आले असता, अगदी शेवटी, दाब एकदम भाल्यासारखा उसळतो. म्हणजे गुन्हा ठिणगीनंतर घडत होता. केटरिंगची बॅटरी निर्दोष सुटली.

दिवाळी आहे, तर हे फटाक्यांच्या भाषेत सांगतो. लवंगीची माळ एका टोकाला पेटवली की ती क्रमाने वाजत जाते, तड-तड-तड, आणि मुले आनंदाने पाहतात. चांगल्या इंजिनात मिश्रण असेच जळते. ज्योत एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला पोहोचते आणि दट्ट्याला दमदार, सलग रेटा देते. आता समजा, अर्धी माळ वाजेपर्यंत उरलेली अर्धी उष्णतेने इतकी तापली, की ठिणगी तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच ती सगळीच्या सगळी एकदम उडाली. हा ठोका. सिलिंडराच्या कोपऱ्यात उरलेले मिश्रण, जळलेल्या भागाच्या दाबाने चेपून आणि तापून, आपले आपण भडकते. तो रेटा नसतो, हातोडा असतो. त्यातली शक्ती दट्ट्या ढकलण्याऐवजी धातू तापवण्यात जाते, आणि हे फार काळ चालले तर दट्ट्याला भोक पडते. चढावर, कमी वेगाला आणि पूर्ण पाय दिल्यावर सिलिंडरात सर्वांत जास्त मिश्रण भरले जाते आणि त्याला तापायला वेळही सर्वांत जास्त मिळतो, म्हणून ठोका तिथेच येतो. रॉकेल हे लवकर भडकणाऱ्यांतले. मिस्त्रींनी ठिणगी केसभर उशिरा केली, म्हणजे दाबाचे शिखर थोडे खाली आणले. मला टॉप गिअरला ठेवून पूर्ण पाय द्यायला त्यांनी का सांगितले, याचा उलगडा मला वीस-पंचवीस वर्षांनी झाला.

इंग्लंडात हॅरी रिकार्डो हा इंजिनियर स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर आला होता: खोट इंजिनात नाही, इंधनात आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याच्याकडे तपासायला आलेल्या नमुन्यांत बोर्निओच्या तेलाचा एक नमुना निघाला, जो काही केल्या ठोकेना. चौकशी करता कळले, की फार जड म्हणून हे पेट्रोल तिकडच्या जंगलात जाळून टाकले जात होते! चांगले म्हणजे हलके, एवढीच तोवर पेट्रोलची परीक्षा होती.

आता मिजलीच्या शोधातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. रॉकेल का ठोकते याविषयी केटरिंग आणि मिजली यांनी एक तर्क बांधला. अमेरिकेत एक रानवेल आहे, तिची पाने मागून तांबूस असतात आणि ती थंडी पुरती सरण्याआधीच फुलते. तांबडा रंग उष्णता लवकर शोषून घेत असेल, म्हणून ती लवकर फुलते. तर मग रॉकेलला तांबडे रंगवले तर तेही उष्णता लवकर शोषून नीट वाफ होईल आणि ठोकणार नाही! तर्क ऐकायला कवितेसारखा आहे. मिजली तेलात विरघळणारा तांबडा रंग शोधायला भांडारात गेला. रंग मिळाला नाही. कोणी तरी आयोडिन दिले. ते रॉकेलात टाकताच रंग आला आणि ठोका थांबला.

एखाद्याने इथेच जय म्हटले असते. मिजलीने पुढे खरोखरीचे तांबडे रंग आणून घातले. एकाचाही उपयोग होईना. मग बिनरंगाचे आयोडिनचे संयुग घातले, तर ठोका पुन्हा बंद! म्हणजे रंगाचा काही संबंधच नव्हता. तर्क साफ चुकीचा आणि त्यातून निघालेला रस्ता बरोबर. मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना कार्यकारणभाव शिकवला. पण पूर्वीच्या बॅचेसना ही गोष्ट सांगता आली नाही याची रुखरुख आहे.

आयोडिन महाग पडे आणि धातू खाई. म्हणून पुढची पाच वर्षे मिजली आणि त्याचे सहकारी भेटेल ते द्रव्य इंजिनाला पाजून पाहत होते. १९१९ च्या जानेवारीत अ‍ॅनिलिन लागू पडले, पण त्याच्या धुराला दुर्गंधी. मग सेलेनियम, टेलुरियम. टेलुरियमचा वास लसणासारखा, आणि तो अंगात असा मुरे की कपडे बदलून, अंघोळी करूनही जाईना. त्या काळात या मंडळींच्या घरी काय बोलणी बसली असतील, याची गृहिणींनी कल्पना करावी. शेवटी मूलद्रव्यांच्या तक्त्यावर बोट ठेवत ठेवत ते शिशापाशी आले आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक सेंद्रिय संयुग, टेट्राएथिल लेड, इंजिनात घातले गेले. हजार भाग पेट्रोलला एका भागाहूनही कमी घातले तरी ठोका साफ बंद. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्याच एका पंपावर हे पेट्रोल विकायला आले. नाव ठेवले 'एथिल'. नावात शिसे नव्हते. ओळखू यावे म्हणून त्याला रंग दिला होता, तोही तांबडा.

अल्कोहोलनेही ठोका थांबतो हे त्यांना माहीत होते. पण ते भरपूर घालावे लागे, आणि अल्कोहोलचे पेटंट कोणाला मिळणार?

यानंतरची कथा दिवाळीत सांगावी की नाही, याचा मी विचार केला. पण मिस्त्रींच्या कोपरापर्यंत ओल्या हातांची आठवण येते आणि ती टाळता येत नाही.

शिसे विष आहे हे १९२३ मध्येही नवीन नव्हते. मिजलीला स्वतःलाच त्या वर्षाच्या सुरुवातीला शिशाची बाधा झाली आणि तो हवापालटासाठी फ्लोरिडात जाऊन राहिला. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात, जिथे हे संयुग तयार होत होते, पाच कामगार मरण पावले. कित्येकांना भ्रम होऊन इस्पितळात न्यावे लागले. दुसऱ्या एका कारखान्यातले कामगार हवेतले किडे झटकल्यासारखे हात करीत, म्हणून त्या इमारतीला 'फुलपाखरांचे घर' असे नाव पडले होते. त्याच महिन्याच्या ३० तारखेला मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले, मिनिटभर त्याचा वास घेतला, आणि हे रोज केले तरी मला काही होणार नाही, अशा अर्थाचे सांगितले. फ्लोरिडाचा उल्लेख त्याने केला नाही.

१९२५ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनला परिषद भरली, विक्री थांबवण्यात आली. अ‍ॅलिस हॅमिल्टन या कामगार-आरोग्याच्या जाणकार बाईंनी, हे विष रस्त्यारस्त्यावर पसरेल, असे बजावले. मग एक समिती नेमली गेली. तिने ओहायोतले सुमारे अडीचशे चालक आणि गॅरेजमधले कामगार तपासले आणि १९२६ च्या आरंभी निर्णय दिला, की बंदी घालण्याइतके सबळ कारण दिसत नाही. मात्र पुढे अभ्यास चालू ठेवावा. काही महिन्यांत जे दिसले नाही ते तीस वर्षांत दिसेल का, याची जबाबदारी घ्यायला कोणी उरले नाही. पुढचा बराचसा अभ्यास उद्योगाच्याच पैशाने चालला आणि शरीरात शिसे असणे ही नैसर्गिकच गोष्ट आहे, असा निर्वाळा देत राहिला.

इंजिनाची काळजी मात्र नीट घेतली गेली होती. शिसे जळून त्याची राख प्लगवर आणि व्हॉल्व्हवर बसे; म्हणून त्याला उचलून धुराबरोबर बाहेर नेणारे आणखी एक द्रव्य पेट्रोलात मिसळत. इंजिन स्वच्छ राही. शिसे रस्त्यावर जाई.

त्याचा माग ज्याने काढला तो मोटारींचा माणूस नव्हता. क्लेअर पॅटरसन हा भूरसायनशास्त्रज्ञ उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचे वय मोजत होता. त्याचे मोजमाप जुळेना, कारण त्याच्या प्रयोगशाळेत जिथे पाहावे तिथे शिसे: हवेत, टेबलावर, स्वतःच्या केसांत. त्याने प्रयोगशाळा इतकी धुऊन-पुसून काढली की सोवळ्यातल्या आजीबाईंनीही तोंडात बोट घालावे. १९५६ मध्ये पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे म्हणून जाहीर केले. आणि मग तो मूळ प्रश्नाकडे वळला, की हे शिसे येते कुठून? समुद्राचे पाणी तपासून १९६५ मध्ये त्याने सांगितले, की माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक नाही. नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट आहे. त्याची कंत्राटे गेली, समित्यांतून त्याला वगळले गेले. पण पुढे मुलांच्या बुद्धीवर शिशाचा परिणाम होतो हे एकामागून एक दिसत गेले, आणि १९७५ पासून अमेरिकेत धूर शुद्ध करणारी जी यंत्रे गाड्यांना बसू लागली, ती शिशाने निकामी होत. इंजिनासाठी आलेले शिसे अखेर इंजिनासाठीच परत जाऊ लागले. अमेरिकेत ते रस्त्यावरच्या गाड्यांसाठी १९९६ मध्ये पूर्ण बंद झाले.

मिजली हे पाहायला नव्हता. १९४० मध्ये त्याला पोलिओ झाला. अंथरुणातून उठण्यासाठी त्याने स्वतःच दोऱ्या आणि कप्प्यांची एक युक्ती तयार केली होती. १९४४ मध्ये तिच्याच दोरीत गळा अडकून तो मरण पावला.

खोपोलीच्या मिस्त्रींकडे मी त्यानंतर वर्षातून एकदा तरी थांबत असे. १९९१ मध्ये थांबलो, तेव्हा डिस्ट्रिब्युटर त्यांचा मुलगा फिरवत होता. मिस्त्री खुर्चीवर बसून नुसते ऐकत आणि "अजून थोडा... बास," म्हणत. त्यांच्या हातांना कंप होता. स्क्रू-ड्रायव्हर धरवत नव्हता. तो वयाचा होता की पन्नास वर्षे तोंडाने ओढलेल्या आणि अंगाने धुतलेल्या पेट्रोलचा, हे मी सांगू शकत नाही. कोणी तपासले नाही. आम्ही चहा प्यालो. मुलगा काम संपवून आला आणि डब्यातल्या पेट्रोलमध्ये हात धुऊ लागला. मला तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते. मी त्याच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारीत राहिलो.

मुंबईसह चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल १९९५ मध्ये आले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ च्या जुलैत संपले. शिशाची जागा घ्यायला आता इतर द्रव्ये आहेत, आणि त्यांत अल्कोहोलही परत आले आहे. २०२५ मध्ये आपल्याकडच्या पेट्रोलात त्याचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले, आणि त्यातले काही आपल्या कोल्हापूर-नगरकडच्या उसाचे असते. डेटनमध्ये १९२१ साली कोणी त्यात रस घेतला असता, तर काय झाले असते? इतिहासाच्या मास्तराने असले प्रश्न विचारू नयेत, असा दंडक आहे.

गेल्या वर्षी नातवाच्या नव्या गाडीतून पुण्याला गेलो. द्रुतगती मार्ग सोडून त्याला मुद्दाम जुन्या घाटाने घ्यायला लावले. खोपोलीच्या नाक्यावर त्या शेडच्या जागी टायरांचे चकचकीत दुकान आहे. चढ लागला, तेव्हा सवयीने मी कान टवकारले. नातू म्हणाला, "आजोबा, काय ऐकताय?"

मी त्याला ठोक्याविषयी सांगितले. तो म्हणाला, आता इंजिनाच्या अंगालाच एक स्फटिकाचा कान बसवलेला असतो. ठोक्याची पहिली थरथर लागली, की तो संगणकाला कळवतो, आणि संगणक त्याच क्षणी ठिणगी जरा उशिरा पाडतो. माणसाला आवाज ऐकूसुद्धा येत नाही. पेट्रोल वाईट असले तर गाडी थोडा दम कमी करते, इतकेच. आणि मग लोक गॅरेजमध्ये जाऊन सांगतात, गाडी पिकअप घेत नाही.

"मग गॅरेजवाले काय करतात?" मी विचारले.

"प्लग बदलतात," नातू म्हणाला.

शिंगरोबाच्या देवळाजवळ आम्ही गाडी थांबवली. माझ्याकडे नाणे होते. नातवाकडे नव्हते, त्याचा सगळा व्यवहार फोनवर. मी त्याचेही टाकले.